सात डावे पीळ

बल्ब डोळ्यांनी निवडायचा नसतो, कानानं निवडायचा असतो. बोराएवढा, सहा व्होल्टचा बल्ब कानाशी धरायचा आणि नखानं टिचकी मारायची. आतली तार शाबूत असली तर मच्छरासारखा बारीक आवाज येतो. तुटलेली असली तर खुळखुळ. गांधीबागेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या पायरीवर बसून रुपराव सकाळपासून हेच करत होता. सन अठ्ठ्याहत्तर, एप्रिलचा पहिला आठवडा. दहा वाजले नाहीत तोच पायरी तव्यासारखी तापली होती. पाचशे बल्ब पाहायचे होते. बाद झालेले मांडीशी, पास झालेले पेंढा घातलेल्या खोक्यात.

"काय गा रुपराव," दुकानदार आतून, पंख्याखालून म्हणाला, "बल्ब घेऊन राहिला का सून पाहून राहिला?"

"सुनेचं नंतर जमवून घेता येते शेठ. हा एक खराब निघाला तं आख्खं घर अंधारात जाते."

दुकानदार खो खो हसला. रुपरावनं पुढचा बल्ब कानाशी धरला.

त्यानं सांगितलं ते खरंच होतं. सिरीजचा कायदा सरकारी कायद्यासारखा नसतो, तिथं वशिला चालत नाही. अडतीस बल्ब एकाच तारेत, एकामागे एक. करंट पहिल्यातून दुसऱ्यात जातो, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पेटले तर अडतीसही पेटतात. एक गेला तर अडतीसही जातात. सिरीजमध्ये एकटा बल्ब कधी पेटत नाही. कधीच नाही. हे रुपरावला नत्थूजीनं शिकवलं होतं.

टिचकी तो डाव्या हातानं मारत होता. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं दिवाळीपासून मेलेली होती. हलायची, पकडायची, पक्कडही चालवायची. पण त्यांना कळत काही नव्हतं. गरम कळत नव्हतं, टोचलेलं कळत नव्हतं. धंतोलीतल्या एका डॉक्टरनं सुई टोचून पाहिली. रक्त आलं, रुपराव बघत राहिला. "नस चांगली आहे," डॉक्टर म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका." रुपरावनं मनाला काहीच लावून घेतलं नव्हतं. तिथंही तसंच होतं, बोटांसारखं.

काम होतं चौदा एप्रिलच्या जयंतीचं. इंदोऱ्याकडच्या त्याच्याच वस्तीतलं, त्याच्याच गल्लीतलं. विहाराच्या ओसरीपासून गल्लीच्या टोकाच्या पिंपळापर्यंत बारा सिरीज, निळ्या आणि पांढऱ्या. दरवर्षी हे काम नत्थूजी आणि रुपराव दोघं मिळून करत. या वर्षी नत्थूजी नव्हता.

नत्थूजी गेला तो धनत्रयोदशीला, महाल भागात, मधुकररावच्या कापडाच्या दुकानावर लायटिंग लावताना. शॉक लागून. दिवाळी ज्यांची त्यांची, शिडीवर चढणारे मात्र आपलेच. कागदावर लिहिलं गेलं ते असं, की मयत इसम दारूच्या नशेत फ्यूज न काढताच वर चढला. खाली सही एका साक्षीदाराची. साक्षीदार रुपराव.

*

बैठक संध्याकाळी विहारात झाली. पंधरा-वीस माणसं, दहा-बारा बाया. समितीचा अध्यक्ष देवराव गिरणीतला जुना कामगार, आवाज भोंग्यासारखा. मिरवणूक, खीर, भाषणं, सगळं ठरलं. मग यादी आली. तेरा तारखेच्या संध्याकाळी, लायटिंग पेटवायच्या आधी, वर्षभरात गल्लीतली जी माणसं गेली त्यांची नावं देवराव मोठ्यानं वाचायचा. एकेका नावाला एक मेणबत्ती लागायची. नाव वाचलं जाणं म्हणजे तो माणूस आपला होता, नीट जगला, असं सगळ्या गल्लीनं म्हणणं.

देवरावनं पाच नावं वाचली आणि कागदाची घडी घातली.

"सहावं राहिलं," मागून अंजनाबाई म्हणाली.

अंजनाबाई ही नत्थूजीची बायको. चाळिशीची, उंच, विडीच्या कारखान्यात पानं कापून कापून बोटांना कायमचा तंबाखूचा रंग बसलेली. ती उभी राहिली तेव्हा बायांनी आपोआप पाय जवळ घेतले.

देवराव खाकरला. "बाई, तुमचं दुःख समजते आमाले. पण पंचशील घेतलेला माणूस. दारू पिऊन मेला. त्याचं नाव आता मी बुद्धाच्या समोर कसं वाचू?"

"पेताना कोणी पाह्यला?"

"जबानी हाय नं बाई. सरकारी कागद हाय."

"छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवशी त्यायनं बाटली नालीत फोडली. एकवीस वर्षं थेंब नाही. लगनात नाही, मयतीत नाही. तुमच्या पोराच्या लगनात तुम्ही सोता मागच्या खोलीत बसले होते देवराव, तवा भायेर बसून शरबत कोण पेत होतं?"

एक-दोन बाया तोंडाला पदर लावून हसल्या. देवरावनं पंख्याकडे पाहिलं.

"मी बाटलीचं नाही विचारत," अंजनाबाई म्हणाली आणि रुपरावकडे वळली. "भाऊजी, मी फ्यूजचं विचारून राहिली. फ्यूज कुठी होता? त्यायच्या खिशात होता का नव्हता?"

सगळ्या गल्लीला हा नियम माहीत होता. तो नत्थूजीचाच होता. जो वर चढेल, फ्यूज त्याच्या खिशात. बोर्डातून चिनी मातीचा तो साबणाच्या वडीएवढा तुकडा ओढून काढायचा, की करंट बंद; तो शर्टाच्या वरच्या खिशात टाकायचा, बटण लावायचं आणि मगच शिडीला पाय लावायचा. खाली सख्खा भाऊ उभा असला तरी त्याच्या हातात द्यायचा नाही. कारण फ्यूज तुमच्या खिशात आहे तोवर जगात कोणी तुम्हाला मारू शकत नाही. नत्थूजी हे हसत हसत सांगायचा.

रुपरावच्या हातात तारेचं भेंडोळं होतं. तो त्याकडे बघत राहिला.

"बोर्डात होता, वहिनी," तो म्हणाला.

अंजनाबाई खाली बसली. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रुपरावला वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

*

सिरीज घरीच बांधायच्या. रुपरावची बायको शामला दारात बसून बल्ब निळ्या लाखेत बुडवायची आणि दोरीवर वाळत टाकायची. आत रुपराव तारेला बल्ब कथलाचा डाग देऊन जोडायचा. सिरीज तयार झाली की तिची दोन टोकं लांबच्या मोठ्या तारेला जोडायची. बारा सिरीज, चोवीस जॉइंट. टेप गुंडाळायची ती अगदी शेवटी, टांगून झाल्यावर.

वायरमनचा जॉइंट म्हणजे त्याची सही. कोणी चार पीळ देतो, कोणी दहा. रुपराव पाच देत असे, उजवीकडे वळवून, आणि शेवटचं टोक पक्कडीनं चेपत असे. नत्थूजी डावखुरा. तो सात देई, डावीकडे वळवून, आणि टोक मागे दुमडे. महालात, सदरमध्ये, कुठल्याही मांडवात वर पाहून सांगता यायचं की हा नत्थूजीचा हात. काम झालं की तो सिरीजखालून मान वर करून चालायचा. दोन बल्ब चालायचं, थांबायचं, निरखायचं. पुन्हा दोन बल्ब. "दोन बल्ब आणि थांबा, जशी पॅसेंजर गाडी," रुपराव म्हणायचा.

सात तारखेला दुपारी रुपराव पूर्ण झालेलं काम तपासत होता. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं, गल्लीत कुत्रंही नव्हतं. पिंपळाकडच्या टोकाला जायची ती सिरीज त्यानं हातात घेतली आणि शेवटच्या जॉइंटवर त्याचा हात थांबला.

सात पीळ. डावीकडे वळलेले. टोक मागे दुमडलेलं.

"काहून असे पाहून राहिले?" शामलानं विचारलं.

"हा जॉइंट तू मारला का वं?"

"मले पंधरा वर्षांत कधी पक्कड तरी धरू देली का तुम्ही?"

त्यानं तो उकलला. तांब्याला पिळाचे वळ पडले होते, जुने असावेत तसे. आपले पाच पीळ देऊन त्यानं तो पुन्हा बांधला. जुनी तार आली असेल मध्येच, असं तो स्वतःला म्हणाला. पण रीळ नवं होतं, त्याच्या डोळ्यांदेखत सील फोडलेलं.

आठ तारखेला त्या टोकाचे दोन जॉइंट डावे होते.

रुपराव घाबरट माणूस नव्हता. भूत, करणी, नजर, यातलं काही तो मानत नव्हता; ते सगळं ज्यांनी सोडायला सांगितलं त्यांच्याच जयंतीचं हे काम होतं. त्यानं डोकं चालवलं. बोटं बधिर आहेत, आपणच झोपेत की तंद्रीत डाव्या हातानं बांधत असू. म्हणून त्यानं डाव्या हातानं जॉइंट मारून पाहिला. जमेना. तार दोनदा निसटली, तिसऱ्यांदा मोडली. डाव्या हातानं टिचकी मारता येते, सात सारखे पीळ देता येत नाहीत. त्याला पंचवीस वर्षं लागतात. मग त्यानं चोवीसही जॉइंट पुन्हा आपल्या हातानं बांधले आणि प्रत्येकाच्या पाचव्या पिळावर निळ्या लाखेचा ठिपका दिला. भेंडोळं पेटीत ठेवलं, पेटीला कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली.

नऊ तारखेला पेटी उघडली. सहा जॉइंट डावे. पाचव्या पिळावर निळा ठिपका होता तसाच होता. त्याच्यापुढे आणखी दोन पीळ होते.

शामलानं पाहिलं. तिनं एका ठिपक्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "अंजनाबाईचं तोंड आठवते मले. बैठकीतलं."

"तुले काय करायचं हाय?"

"मले काय करायचं. पोरी हायेत दोन, त्यायचं करायचं." आणि ती पुन्हा बल्ब लाखेत बुडवू लागली.

शामलाला माहीत होतं की नाही, हे रुपरावनं तिला कधी विचारलं नव्हतं.

*

खरं काय झालं ते इतकं साधं होतं की सांगायला दोन मिनिटं लागली नसती.

धनत्रयोदशीला संध्याकाळी पाचचा सुमार. नत्थूजी दुकानाच्या तिसऱ्या मजल्याच्या कठड्याबाहेर, शिडीवर. उघडा जॉइंट त्याच्या हातात. फ्यूज त्याच्या खिशात, बटण लावून. खाली बोर्डाजवळ रुपराव. मधुकरराव बाहेर आला, नवं धोतर, कपाळाला गंध. मुलीचे सासरकडचे येणार होते.

"अरे, टांगे कोपऱ्यावर आलेत. पेटव लवकर."

"नत्थूजी वर हाय मालक. फ्यूज त्याच्यापाशी हाय."

"फ्यूज नाही तर तार टाक ना. एक मिनिट पेटव, मग काढ. त्याच्यासाठी काय माझी इज्जत घालवू?"

हाक मारायची होती. 'नत्थू, हात काढ,' एवढंच. तीन शब्द. पण हाक मारली असती तर नत्थूजी वरूनच मालकाला दोन शब्द सुनावून शिडी उतरला असता आणि काम गेलं असतं. त्याचा स्वभाव तसा होता. रुपरावचा नव्हता. पिढ्यान् पिढ्या मालक म्हणाला की हात आधी चालतो, डोकं मागून येतं. दीक्षा घेऊन एकवीस वर्षं झाली तरी रुपरावच्या मनगटातली ती सवय गेली नव्हती. त्यानं वितभर तांब्याची तार घेतली, इंग्रजी यू सारखी वाकवली आणि फ्यूजच्या जागी, उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि दोन बोटांनी, दाबून बसवली.

सिरीज पेटल्या. फार सुंदर पेटल्या. टांग्यातल्या बायांनी वर पाहिलं.

मग वरून शिडी सरकल्याचा आवाज आला.

मधुकररावनं त्याला दुकानाच्या मागच्या खोलीत नेलं. दार लावलं. "तार कोणी टाकली?" तो म्हणाला. "मी टाकली? मी बोर्डाला हात तरी लावला? तू तुरुंगात जाशील. पोरी आहेत ना तुला? गेला तो गेला. तो प्यालेला होता. काय? प्यालेला होता." आणि पोलिसांचा जमादार यायच्या आधी रुपराव खाली पडलेल्या नत्थूजीजवळ बसला, त्याच्या खिशाचं बटण काढलं, फ्यूज काढला आणि बोर्डातली तार ओढून त्या जागी बसवला. फ्यूज अजून अंगाच्या उबेनं गरम होता. त्या बोटांना कळलेली ती शेवटची गोष्ट.

मेलेल्या माणसाच्या तोंडाला दारूचा वास लावायला काही लागत नाही. एक साक्षीदार लागतो.

तार मात्र रुपरावकडून टाकवली गेली नाही. ती पावडरच्या रिकाम्या डब्यात होती, घरातल्या वरच्या फळीवर.

*

तेरा तारखेला पेटी उघडली तेव्हा तेवीस जॉइंट डावे होते. चोविसावा सुटलेला होता. दोन उघडी टोकं, सरळ, पीळ पडल्याची खूणही नाही. जणू तेवढं एक काम मुद्दाम त्याच्यासाठी ठेवलं होतं.

रुपरावनं काही उकललं नाही, काही बांधलं नाही. आता वेळही नव्हता. दुपारी चारपासून त्यानं आणि गल्लीतल्या दोघांनी सिरीज टांगायला घेतल्या. विहाराच्या ओसरीपासून घरांच्या छपरांवरून पिंपळापर्यंत. सुटलेला जॉइंट सहाव्या सिरीजचा होता, तो बरोबर गल्लीच्या मध्यावर आला. तो शेवटी मारायचा असं त्यानं ठरवलं.

साडेसहा वाजले. ऊन गेलं होतं, उजेड होता. गल्लीत पाणी शिंपडलं होतं आणि तापलेल्या मातीचा वास येत होता. बाया पांढऱ्या साड्या नेसून विहारासमोर सतरंजीवर बसल्या होत्या. देवराव यादीचा कागद घेऊन उभा होता. ओसरीवर अंजनाबाई मेणबत्त्या मांडत होती. पाच मांडल्या होत्या. सहावी तिच्या हातात होती. बोर्ड तिच्या मागच्या भिंतीवर होता.

"झालं का गा?" देवराव ओरडला. "तुझं काम होईन तवा नावं वाचतो, का उद्याच वाचू?"

"एक जॉइंट राहिला," रुपराव म्हणाला. त्यानं ओसरीवर जाऊन बोर्डातून फ्यूज ओढला. शर्टाच्या वरच्या खिशात टाकला, बटण लावलं.

अंजनाबाई ते बघत होती.

"बटण नीट लागलं नं भाऊजी?" ती म्हणाली.

तो गल्लीच्या मध्यावर गेला आणि शिडी चढला. सुटलेली दोन टोकं दोन हातांत घेतली. पक्कड दातांत. खिशातला फ्यूज छातीला टोचत होता.

तेव्हा खालून एक बाई म्हणाली, "वा! लागली वं!"

"एकच लागला," दुसरी म्हणाली.

रुपरावनं मान वळवली. विहाराच्या ओसरीपाशी, पहिल्या सिरीजमधला पहिला बल्ब पेटला होता. निळा. एकटा.

बाकीचे सदतीस अंधारे होते.

तो विझला. दुसरा पेटला. मग दुसरा विझला नाही, थोडा वेळ तसाच राहिला. मग तिसरा. मग चौथा. आणि पुन्हा थोडा वेळ थांबला.

दोन बल्ब आणि थांबा.

"काय मशीन लावली गा!" देवराव खूश होऊन म्हणाला. "आँ? चालती लाइट!"

रुपरावनं पक्कड तोंडातून सोडली. ती खाली दगडावर पडली. त्याला टोकं सोडायची होती. डावा हात सुटला. उजवा सुटेना. अंगठा आणि दोन बोटं तारेवर मिटली होती आणि ऐकत नव्हती.

"वहिनी!" तो ओरडला. "बोर्डापासून दूर व्हा!"

"मी हात नाही लावला भाऊजी."

दोन बल्ब. थांबा.

"बोर्डात काय हाय पाहा! फ्यूजच्या जागी!"

अंजनाबाईनं वळून पाहिलं. मेणबत्ती तिच्या हातातच होती. ती वाकली, नीट निरखलं आणि सरळ झाली.

"तार हाय," ती म्हणाली. "तांब्याची. वाकवलेली."

रुपरावनं डाव्या हातानं खिसा चाचपला. फ्यूज होता. बटण लावलेलं होतं.

पहिली सिरीज संपली. दुसरी सुरू झाली. घाई नव्हती. मान वर करून, प्रत्येक जॉइंट पाहत कोणी चालावं तशा चालीनं उजेड छपरांवरून येत होता. बाया बोलायच्या थांबल्या होत्या. देवरावही.

"भाऊजी," अंजनाबाई ओसरीवरून म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण गल्लीत दुसरा आवाजच नव्हता. "त्या दिवशीबी हेच होतं का?"

चौथी सिरीज.

पाचवी.

त्याच्या डोक्यावरून जाणारी सहावी.

"होतं," रुपराव म्हणाला.

दोन बल्ब. थांबा.

"मोठ्यानं सांगा."

"फ्यूज त्याच्या खिशात होता. बटण लावून होता. तार मी टाकली. मधुकरराव म्हणे टाक, मी टाकली. हाक नाही मारली. तो पेला नव्हता. थेंब नव्हता. मी खोटं बोललो."

उजेड थांबला. त्याच्या हातापासून दोन बल्ब अलीकडे. निळा उजेड त्याच्या मनगटावर पडला होता. त्या उजेडात त्याला आपली बोटं दिसत होती, मिटलेली, जणू कोणा दुसऱ्याची.

ओसरीच्या भिंतीला जळमटं काढायचा बांबू टेकलेला होता. अंजनाबाईनं मेणबत्ती खाली ठेवली आणि तो बांबू हातात घेतला. घेतला आणि तशीच उभी राहिली. बोर्डाकडे पाहत. मग रुपरावकडे पाहत.

किती वेळ, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही.

मग तिनं बांबूच्या टोकानं तार उडवली. टक्. एवढाच आवाज.

बल्ब विझला. बोटं सुटली.

*

देवरावनं सहा नावं वाचली. सहाव्या नावाला त्याचा भोंग्यासारखा आवाज फुटला नाही, म्हणून त्यानं ते दोनदा वाचलं. सहावी मेणबत्ती अंजनाबाईनं लावली. रुपराव मागे, चपलांपाशी उभा होता. कोणी त्याला मारलं नाही, कोणी जवळही बोलावलं नाही. पंधरा तारखेला आपण ठाण्यात जाऊन नवी जबानी देऊ, असं तो देवरावला म्हणाला आणि पुढे दिलीही. त्याचं जे व्हायचं ते झालं. मधुकररावचं काय झालं विचाराल, तर काही झालं नाही. दुकान आहे. दिवाळीला लायटिंग असतं.

नावं वाचून झाल्यावर देवराव म्हणाला, "आता पेटव."

"जॉइंट मारायचा राहिला," रुपराव म्हणाला. "ती सिरीज नाही लागणार."

"बाकीच्या तं लागतीन."

रुपरावनं खिशाचं बटण काढलं आणि फ्यूज अंजनाबाईच्या पुढे केला. तिनं तो घेतला आणि स्वतः बोर्डात बसवला. विहारापासून पिंपळापर्यंत बाराही सिरीज पेटल्या. एकही बल्ब मागे राहिला नाही. शिडी अजून गल्लीच्या मध्यावर उभी होती, पण वर चढून तो जॉइंट कोणी बांधला ते पाहायला रुपराव गेला नाही.

उडालेली तार अंजनाबाईनं उचलून रुमालात बांधली होती. "हे मी ठेवते," ती म्हणाली. रुपरावनं ती जवळून पाहिली. वितभर लांब, यू सारखी, उजव्या टोकाला पक्कडीच्या दातांची तिरपी खूण. तीच.

तो घरी आला. शामला आणि पोरी विहारातच होत्या. बाहेरचा निळा उजेड दारातून आत, फळीपर्यंत आला होता. त्यानं स्टूल ओढलं, पावडरचा डबा खाली काढला आणि झाकण उघडलं. डबा रिकामा असणार हे त्याला माहीत होतं.

तार आत होती. वितभर, यू सारखी, उजव्या टोकाला तिरपी खूण.

त्यानं ती अंगठ्यानं आणि दोन बोटांनी उचलली, आणि लगेच टाकून दिली. पाच महिन्यांत त्या बोटांना पहिल्यांदा काहीतरी कळलं होतं.

तार गरम होती. माणसाच्या अंगाएवढी.